हस्तकलेच्या प्रदर्शनात पहिला स्टॉल लावताना

माझ्या पहिल्या प्रदर्शनात दोन दिवसांत १९,००० रुपयांची विक्री झाली आणि घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. पुढच्या आठवड्यात वही घेऊन बसले, तेव्हा त्यातले ८,००० रुपये स्टॉल आणि येण्याजाण्यात गेले होते आणि ७,६०० रुपये कापड-दोऱ्याचे होते. उरलेल्या ३,४०० रुपयांमागे माझ्या तीन महिन्यांच्या दुपारी होत्या. मी हातटाक्याच्या गोधड्या, खणाच्या पिशव्या आणि बटवे करते, पुण्यात राहते आणि गेली सात वर्षे पुणे, ठाणे, दादर, डोंबिवली अशा ठिकाणच्या प्रदर्शनांत स्टॉल लावते आहे. माझा अनुभव असा, की प्रदर्शनातले नुकसान बहुधा स्टॉलवर होत नाही. ते किंमत ठरवताना आणि प्रदर्शन निवडताना घरीच होऊन गेलेले असते. म्हणून या लेखात त्या दोन पायऱ्यांवर मी जास्त थांबले आहे. उदाहरणे माझ्या कामातली आहेत. तुम्ही क्रोशाचे काम करत असाल, मातीचे दागिने घडवत असाल किंवा लाकडावर रंगकाम करत असाल, तरी हिशेब हाच राहील.

१. आपल्या वस्तूला वेगळा परवाना लागतो का, हे आधी पाहा

कापडी पिशव्या, गोधड्या, दागिने, शोभेच्या वस्तू यांना विक्रीसाठी खास परवाना लागत नाही. तीन प्रकारच्या वस्तूंबाबत मात्र नवखी मंडळी हमखास फसतात. घरी केलेला साबण, लिप बाम, उटणे ही कायद्याच्या दृष्टीने सौंदर्यप्रसाधने असल्यामुळे त्यांच्या उत्पादनासाठी परवाना आवश्यक असतो आणि पाकिटावर ‘घरगुती’ असे छापल्याने ती अट टळत नाही. खाद्यपदार्थ असतील तर केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवी, मग तो लाडवांचा एक डबा का असेना. तिसरा प्रकार खेळण्यांचा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक (आयएसआय) चिन्ह बंधनकारक झाले आहे. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः तयार करून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. तेव्हा क्रोशाच्या बाहुल्या किंवा लाकडी भातुकली विकण्याचा विचार असेल, तर कारागीर ओळखपत्राचा अर्ज स्टॉलच्या अर्जाआधी करावा. या ओळखपत्राला ‘पहचान’ कार्ड म्हणतात आणि सरकारी हस्तकला मेळ्यांतही तेच मागितले जाते.

२. किंमत ठरवताना स्वतःचे तास धरा

तान्ह्या बाळाच्या गोधडीचे उदाहरण घेते, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिच्याच बाबतीत झाली. तीस बाय चाळीस इंचाच्या गोधडीला वरचे आणि खालचे सुती कापड व गोट मिळून दोन मीटर कापड लागते. मीटरला १४० रुपयांप्रमाणे त्याचे २८० रुपये होतात. आतल्या थराचे मलमल ८० रुपयांचे, दोरा ३० रुपयांचा, लेबल आणि कागदी पिशवी २५ रुपयांची. म्हणजे सामानाचे ४१५ रुपये झाले. कापड धुऊन आटवणे, कापणे, थर बसवून कच्चे टाके घालणे आणि मग कडेपासून आत आत जाणारा धावदोरा घालणे, या सगळ्याला मला चौदा तास लागतात. हे चौदा तास मी पहिली दोन वर्षे कुठेही मांडले नव्हते. दुपारी जेवणे आटोपल्यावर केलेले काम होते, त्याचे कसले पैसे धरायचे, असे मलाच वाटत असे. मैत्रिणींना विचारून मी ९०० रुपये किंमत लावली आणि सगळ्या गोधड्या विकल्या गेल्या, याचा आनंदही मानला.

आता त्या ९०० रुपयांचे काय झाले ते पाहा. प्रदर्शनाचा खर्च विक्रीच्या पाव भागाएवढा धरला, तर २२५ रुपये तिथे गेले, ४१५ रुपये सामानाचे गेले आणि हातात २६० रुपये उरले. चौदा तासांनी भागल्यावर तासाला साडेअठरा रुपये पडतात. माझ्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना मी तासाला याच्या कितीतरी पट देत होते.

हल्ली मी अशी किंमत काढते. तासाला ७० रुपये धरले, तर चौदा तासांचे ९८० रुपये होतात. त्यात सामानाचे ४१५ मिळवले की १,३९५ रुपये येतात. प्रदर्शनाचा खर्च किमतीतूनच निघायचा असल्यामुळे किमतीचा पंचाहत्तर टक्के भाग १,३९५ रुपये असला पाहिजे. म्हणून १,३९५ला ०.७५ने भागायचे. उत्तर १,८६० येते आणि मी गोधडीला १,८५० रुपये लावते. तासाचा दर तुम्ही तुमच्या कसबाप्रमाणे ठरवा, पण शून्य धरू नका. ज्यांच्या हातात पंधरा-वीस वर्षांची कला आहे त्यांनी ७० रुपयेही धरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर नेहमीचा प्रश्न असा, की १,८५० रुपयांना घेणार कोण? घेतात, पण दिवसाला दोघी-तिघी. म्हणून स्टॉलवर तीन थरांचा माल ठेवावा लागतो. दीडशे ते अडीचशे रुपयांच्या, चटकन घेता येतील अशा लहान वस्तू. चारशे ते सातशेच्या मधल्या वस्तू. आणि लोकांचे पाय थांबवणाऱ्या दोन-चार मोठ्या वस्तू. माझ्याकडे खणाचा बटवा शिलाई मशीनवर चाळीस मिनिटांत होतो आणि १८० रुपयांना जातो. गोधडी बघायला आलेली दहा माणसे गल्ल्यात बटव्यांचे पैसे टाकून जातात. टांगलेली गोधडी काढून ठेवली की बटव्यांची विक्रीही खाली येते, हे मी दोनदा करून पाहिले आहे.

एक सापळा इथेच सांगते. शेजारच्या स्टॉलवर तशीच दिसणारी वस्तू निम्म्या किमतीत असेल, तर ती बहुधा घाऊक बाजारातून आणलेली असते. तिच्याशी स्पर्धा करायला जाऊ नका. ती किंमत तुम्हाला कापडालाच लागते.

३. प्रदर्शन निवडण्याआधी तिथे गिऱ्हाईक म्हणून जा

पहिले प्रदर्शन निवडताना आधी गणित करावे. माझ्या एका नेहमीच्या प्रदर्शनाचा खर्च असा होता: दोन दिवसांचे भाडे ५,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५,९००; टेम्पो जाऊन-येऊन १,२००; जास्तीचे दिवे आणि एक टेबल ४००; चहा-जेवण ५००. एकूण ८,०००. हा खर्च विक्रीच्या पाव भागात बसायचा तर विक्री ३२,००० रुपयांची व्हायला हवी. माझे सरासरी बिल ४०० रुपयांचे असते, म्हणजे ८० बिले. प्रदर्शन दहा तास चालते, दोन दिवसांचे वीस तास. तेव्हा दर तासाला चार बिले.

हा आकडा हातात घेऊन त्या आयोजकाच्या आधीच्या एखाद्या प्रदर्शनाला जा. तुमच्यासारख्या मालाचा स्टॉल शोधा, जवळपास एक तास रेंगाळा आणि किती जण पिशवी हातात घेऊन निघतात ते मोजा. आयोजक ‘रोज पाच हजार लोक येतात’ असे सांगतात. त्या आकड्याचा तुम्हाला उपयोग नाही, कारण त्यात कुल्फी खायला आलेली माणसेही असतात. दुपारी अडीच वाजता आणि संध्याकाळी सात वाजता, अशा दोन वेळा जाता आले तर उत्तमच. स्टॉलवाल्यांशी बोलावे, मात्र त्यांच्यासमोर गिऱ्हाईक उभे असताना बोलू नये. ‘पुढच्या वेळी पुन्हा इथे लावाल का?’ एवढे विचारले की पुरते. विक्री किती झाली हे कोणी खरे सांगत नाही, पण या प्रश्नाला लोक खरे उत्तर देतात.

आपल्याकडच्या प्रदर्शनांचे साधारण चार प्रकार पडतात. पहिला सोसायटीतला किंवा महिला मंडळाचा एक दिवसाचा मेळावा. भाडे कमी असते, टेबल मिळते आणि चूक झाली तरी ती स्वस्तात होते. सुरुवात इथूनच करावी. दुसरा प्रकार मंगल कार्यालयांत आणि सभागृहांत भरणाऱ्या दोन-तीन दिवसांच्या प्रदर्शनांचा. यांत साड्या, इमिटेशन दागिने आणि मसाले यांचा भरणा जास्त असतो, त्यामुळे हातकामाचे किती स्टॉल आहेत हे पाहूनच पैसे भरावेत. तिसरा प्रकार मोठ्या नावाजलेल्या उत्सवांचा. पुण्यात डिसेंबरमध्ये भरणारी भीमथडी जत्रा, मुंबईत १९९९पासून सुरू असलेला काळा घोडा कला महोत्सव, अशा ठिकाणी गर्दी आणि रसिक दोन्ही असतात, पण तिथे मालाची निवड करून स्टॉल दिला जातो आणि पहिल्या वर्षी नकार येण्याची तयारी ठेवावी लागते. चौथा प्रकार सरकारी. तुम्ही ‘उमेद’ या राज्य सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानातल्या बचत गटात असाल, तर मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाची वाट गटाच्या मार्फत जाते. वैयक्तिक अर्ज करून तिथे शिरता येत नाही. बचत गट नसेल, पण कारागीर ओळखपत्र असेल, तर हस्तकला विकास आयुक्तांचे मेळे खुले होतात.

तारखांकडेही नीट पाहावे. पितृपंधरवड्यात सभागृहे स्वस्त मिळतात आणि आयोजक सवलतीचे भाडे जाहीर करतात, पण त्या दिवसांत नवी खरेदी टाळणारी घरे आजही पुष्कळ आहेत. रक्षाबंधनापासून दिवाळीपर्यंतचा काळ, मधला पंधरवडा वगळून, सर्वांत चांगला. नव्या माणसाला सहसा न सुचणारा हंगाम म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाला वाण लुटायला बायका एकाच प्रकारचे वीस, तीस, कधी पन्नास नग घेतात. डिसेंबरच्या प्रदर्शनात मी काळ्या खणाच्या लहान पाऊचचा एक नमुना आणि ‘डझनाने घेतल्यास’ असा वेगळा दर मांडून ठेवते. जानेवारीचे काम त्या एका पाटीवर मिळते. पावसाळ्यात उघड्या मैदानावरचे प्रदर्शन मात्र कापडाचे काम करणाऱ्याने घेऊच नये; ताडपत्री गळते की नाही हा प्रश्न नसून ती कुठे गळते एवढाच प्रश्न असतो.

४. कागदपत्रे जमवा

सोसायटीच्या मेळाव्याला यातले बहुतेक काही लागत नाही. सभागृहातल्या आणि मोठ्या प्रदर्शनांसाठी मात्र पुढील कागद एका फाइलमध्ये आणि मोबाइलमध्येही ठेवावेत:

– पॅन कार्ड आणि आधार कार्ड. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी.
– उद्यम नोंदणीचे, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचे प्रमाणपत्र.
– शॉप ॲक्टची, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची पावती, जिला मुंबईत गुमास्ता म्हणतात.
– बँकेचा रद्द केलेला धनादेश आणि यूपीआयचा क्यूआर कोड.
– आपल्या कामाची पाच-सहा स्वच्छ छायाचित्रे, शक्यतो उजेडात काढलेली. एकात काम करतानाचे हात दिसावेत.
– असल्यास कारागीर ओळखपत्र, बचत गटाचे पत्र, खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयचा क्रमांक.

उद्यम नोंदणी १ जुलै २०२०पासून सुरू झाली. ती केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे होते, कागद जोडावे लागत नाहीत आणि तिला एक रुपयाही शुल्क नाही. शोध घेतल्यावर वर दिसणारी काही खासगी संकेतस्थळे हुबेहूब सरकारी रूप घेऊन हजार-दोन हजार रुपये मागतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शॉप ॲक्टचा परवानाच काढावा लागतो, असाही गैरसमज आहे. महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील, तर केवळ ऑनलाइन सूचना द्यायची असते आणि तिची पावती मिळते. चालू खाते उघडताना बँका उद्यम आणि ही पावती मागतात.

जीएसटीची भीती सर्वांनाच वाटते. महाराष्ट्रात राहून, महाराष्ट्रातच केवळ वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर नोंदणी बंधनकारक नाही. नोंदणी नसताना बिलावर कर लावून तो गिऱ्हाइकाकडून घेणे मात्र चूक आहे. साधे बिल द्यावे. पणजी, बेळगाव किंवा इंदूरला स्टॉल लावायचा असेल तर नियम बदलतात. परराज्यात जाऊन विकणाऱ्याला एरवी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, परंतु अधिसूचनेतील यादीत असलेल्या हस्तकलेच्या वस्तूंसाठी २० लाखांपर्यंत सूट आहे. त्या सवलतीची अट अशी, की पॅन हवे आणि मालासोबत ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याचे ऑनलाइन काढलेले बिल हवे, मग माल ५० हजारांच्या खालचा असला तरीही. आपली वस्तू यादीत बसते का, हे करसल्लागाराला एकदा विचारून घ्यावे. त्याचे शुल्क वाटेत अडवलेल्या टेम्पोपेक्षा स्वस्त पडते.

५. पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा

माझ्या दुसऱ्या प्रदर्शनात मला कोपऱ्यातला, दोन बाजूंनी उघडा स्टॉल मिळाला म्हणून मी खूश होते. सकाळी अकरा वाजता शेजारी वडे आणि भजी तळायला सुरुवात झाली. रात्री घरी पेट्या उघडल्या, तेव्हा अकरा गोधड्यांना जळक्या तेलाचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी त्या विक्रीला लावता आल्या नाहीत आणि पुढचा आठवडा त्या दोनदा धुण्यात, उन्हात घालण्यात व पुन्हा इस्त्री करण्यात गेला. तक्रार केल्यावर आयोजकांनी अर्जाच्या मागे बारीक अक्षरात छापलेले ‘स्टॉलच्या जागेबाबत आयोजकांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य दाखवले. ते मी वाचलेच नव्हते.

तेव्हापासून मी नकाशा मागवते आणि शेजारी काय असेल हे लेखी विचारते. त्याशिवाय पुढील गोष्टी व्हॉट्सॲपवर का होईना, पण अक्षरांत घ्याव्यात. भाड्यात टेबल, खुर्च्या, दिवा आणि विजेचा पॉइंट धरला आहे का आणि टेबलाचे माप काय? ‘स्टॉल’ म्हणजे कधी दहा बाय दहाची जागा असते, तर कधी सहा फुटी टेबल. एकाच प्रकारच्या मालाचे किती स्टॉल घेणार? भाड्याखेरीज विक्रीवर टक्केवारी आहे का? प्रदर्शन रद्द झाले तर पैसे परत मिळतात का, आणि आपण रद्द केले तर? आदल्या रात्री माल लावता येतो का, रात्री पहारा असतो का, टेम्पो दारापर्यंत येतो का?

पैसे नेहमी संस्थेच्या नावाच्या खात्यावर भरावेत आणि पावती घ्यावी. नावाजलेल्या जत्रेत ‘एकच स्टॉल उरला आहे, आत्ताच्या आत्ता अर्धे पाठवा’ असा फोन एखाद्या व्यक्तीच्या खासगी क्रमांकावरून आला, तर जत्रेच्या अधिकृत क्रमांकावर विचारल्याशिवाय रुपयाही पाठवू नये. स्टॉल कोणाशी अर्धा वाटून घेणार असाल, तर आयोजकांची परवानगी आधी घ्या आणि जोडीदाराचा माल वेगळा असू द्या. दोघींच्याही पिशव्या असतील तर दुपारपर्यंत मैत्री टिकते.

६. माल आणि स्टॉलची पेटी तयार करा

अपेक्षित विक्रीच्या साधारण दुप्पट किमतीचा माल न्यावा. त्याहून कमी नेला तर दुसऱ्या दिवशी टेबल ओकेबोके दिसते आणि उरलेले लोकांनी नाकारलेले आहे, असे बघणाऱ्याला वाटते. प्रत्येक नगावर किमतीची चिठ्ठी असलीच पाहिजे. किंमत विचारायला संकोचणारे गिऱ्हाईक वस्तू खाली ठेवून पुढे जाते आणि ते गेलेले आपल्याला कळतही नाही. मालाची यादी नगवार वहीत लिहावी: वस्तू, किंमत, किती नेले, पुढचा रकाना विक्रीसाठी मोकळा.

मालाखेरीज माझी एक निळी पेटी कायम भरलेली असते. तिच्यात एक्स्टेन्शन बोर्ड, दोन क्लिपचे दिवे, जमिनीपर्यंत पोहोचणारी टेबलाची चादर, नायलॉनची दोरी, हुक आणि कपड्यांचे चिमटे, कात्री, सुई-दोरा, सेफ्टी पिना, चिकटपट्टी, बिलबुक, दोन पेने, मोबाइल चार्ज करायची बॅटरी, पाण्याची बाटली आणि क्रोसिनची पट्टी असते. सभागृहांत भिंतीला खिळा मारू देत नाहीत, म्हणून टांगण्यासाठी स्वतःचा घडीचा स्टँड न्यावा. सुट्टे पैसे आदल्या दिवशीच आणावेत. माझ्याकडे दहा-वीसच्या नोटांत आठशे आणि पन्नास-शंभरच्या नोटांत दोन हजार असतात.

मांडणीची तालीम घरी करावी. जेवणाच्या टेबलावर सगळे मांडून चार पावले मागे जाऊन छायाचित्र काढा. टेबलावर सपाट पसरलेला माल लांबून दिसत नाही, हे त्या छायाचित्रात लगेच कळते. पाटाखाली डबे ठेवून उंची करावी, मोठी वस्तू डोळ्यांच्या रेषेत टांगावी आणि लहान वस्तू हाताशी, टोपलीत ठेवाव्यात. सभागृहातल्या पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी खण काळपट दिसतो, म्हणून माझे दोन्ही दिवे पांढऱ्या प्रकाशाचे आहेत. गोधडीला सगळेच हात लावतात आणि लावू द्यावा, कारण मऊपणा पाहूनच ती विकली जाते. त्यासाठी मी एक जुनी, चार वेळा धुतलेली गोधडी पुढे ठेवते आणि नव्या गोधड्या मागे राहतात. धुतल्यावर ती कशी होते, याचा नमुनाही त्याच गोधडीने दाखवता येतो.

७. विक्रीचे दिवस

एकटीने स्टॉल लावू नये. नणंद, भाऊ, शेजारचे कॉलेजातले पोर, कोणीही चालेल. जेवायला आणि स्वच्छतागृहात जायला तरी दुसरे माणूस लागतेच. मोबाइलमध्ये डोके घालून बसू नये. मी हातात अर्धवट शिवलेली गोधडी घेऊन उंच स्टुलावर बसते. हात चालू दिसले की लोक थांबतात आणि ‘हे तुम्हीच करता?’ या प्रश्नाने बोलणे आपोआप सुरू होते.

भवानी झाली नाही म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाला पडेल त्या भावात माल देण्याचा मोह होतो. तो भाव आजूबाजूचे चार जण ऐकतात आणि दिवसभर तोच मागतात. घासाघीस होणारच, तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. एकदा एक काकू म्हणाल्या, ‘अहो, चादरीच्या दुकानात याहून मोठी पाचशेला मिळते.’ मी काही न बोलता गोधडी उलटी करून त्यांच्या हातात दिली. मशीनचा टाका सरळ रेषेत पळतो. हाताचा टाका किंचित लहान-मोठा असतो आणि गाठी थरांच्या आत दडवलेल्या असतात. त्यांनी चष्मा लावून कडेचा गोट पाहिला, ‘माझी आई असाच दोरा घालायची’ असे म्हणाल्या आणि पुढची दहा मिनिटे आईबद्दलच बोलल्या. गोधडी त्यांनी घेतली नाही, बटवा घेतला. तीन आठवड्यांनी नातवासाठी गोधडी हवी म्हणून त्यांचा फोन आला. किंमत कमी करायचीच असेल, तर एका नगावर करू नये. तीन बटवे घेतल्यास पन्नास रुपये कमी, अशी पाटी आधीच लावावी.

पैशांबाबत थोडी सावधगिरी. मोबाइलच्या पडद्यावर ‘पेमेंट झाले’ असे दाखवून निघून जाणारे लोक गर्दीच्या वेळीच येतात, म्हणून साउंडबॉक्सने रक्कम उच्चारल्याशिवाय किंवा आपल्या खात्यात ती दिसल्याशिवाय पिशवी हातात देऊ नये. तळघरातल्या सभागृहांत नेटवर्क जाते. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेला मोबाइल न्यावा. पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही, हे मदतीला आलेल्या माणसालाही सांगून ठेवावे.

ऑर्डर घेताना रंग, माप, तारीख आणि रक्कम लिहून निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. उत्साहात ‘पुढच्या आठवड्यात देते’ असे म्हणू नका. एका प्रदर्शनात मी नऊ गोधड्या पंधरा दिवसांत देण्याचे कबूल केले होते. नऊ गुणिले चौदा तास हा गुणाकार घरी आल्यावर केला.

८. प्रदर्शन संपल्यावर

त्याच रात्री, कितीही दमला असाल तरी, उरलेले नग मोजून वहीत लिहावेत. दुसऱ्या दिवशी आकडे जुळत नाहीत आणि हरवले की विकले, हे आठवत नाही. प्रत्येक प्रदर्शनासाठी मी एक पान ठेवते: एकूण विक्री, बिले किती, खर्च किती, कोणती वस्तू सर्वांत आधी संपली, कोणत्या वस्तूला पुष्कळांनी हात लावला पण घेतली नाही. या शेवटच्या नोंदीतून बरेच कळते. माझ्या टेबल रनरला सगळ्या जणी हात लावत आणि ठेवून देत. दोघींना विचारल्यावर कळले, की त्यांच्या घरची टेबले चार माणसांची होती आणि माझे रनर सहा माणसांच्या टेबलाच्या मापाचे. लांबी दीड फूट कमी केली, कापड वाचल्याने किंमतही उतरली, आणि पुढच्या वेळी सातपैकी सहा गेले.

ज्यांनी क्रमांक दिले आहेत त्यांना आठवडाभरात एक संदेश पाठवावा, एकच, आणि तोही त्यांनी विचारलेल्या वस्तूबद्दल. उरलेला कापडी माल पेटीत घालण्याआधी अर्धा दिवस वाऱ्यावर ठेवावा, मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा आणि किमतीच्या चिठ्ठ्या तशाच राहू द्याव्यात. मोठ्या उत्सवांचे अर्ज काही महिने आधी निघतात. डिसेंबरच्या जत्रेसाठी मी गणपतीच्या सुमारासच चौकशी सुरू करते आणि छायाचित्रे त्याआधी काढून ठेवते.